मागच्या बाकावरचा प्रश्न

शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाजवळ काही वाक्ये अशी असतात, की ती सांगताना त्याला विचार करावा लागत नाही. फळ्याकडे तोंड केले, की खडू आपोआप ती लिहू लागतो. माझ्याजवळ असे एक वाक्य वीस वर्षे होते. ‘१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेथील ग्रीक पंडित आपले ग्रंथ घेऊन इटलीत पळून आले, आणि त्यामुळे युरोपात विद्येचे पुनरुज्जीवन झाले.’ हे वाक्य मला माझ्या मास्तरांनी दिले. त्यांना ते त्यांच्या मास्तरांनी दिले असावे. मुले ते वहीत उतरवून घेत, परीक्षेत जसेच्या तसे लिहीत, आणि मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देई. देणाराही खूष आणि घेणाराही खूष.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले असताना मी हे वाक्य नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिले. निम्म्या वर्गाचे चित्त अंगणातल्या किल्ल्यात आणि उरलेल्या निम्म्याचे चकलीच्या सोऱ्यात गुंतलेले होते. अशा वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तिचा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचा. ती म्हणाली,

“सर, ते ग्रंथ कॉन्स्टँटिनोपलमध्ये तर आधीपासूनच होते ना? मग पुनरुज्जीवन तिथंच का नाही झालं?”

वर्ग हसला. मीही हसलो, पण माझे हसणे निराळ्या जातीचे होते. “प्रश्न चांगला आहे. पुढच्या तासाला सांगेन,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरांचे हे फार जुने शस्त्र आहे. पुढचा तास सुट्टीनंतर होता. ती सुट्टी मी फराळाच्या ताटापेक्षा पुस्तकांच्या ढिगाऱ्यात अधिक घालवली. मी काही पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले आणि पुढचे सारे वाचन आवडीने व वेळ मिळेल तसे झाले. परंतु त्या पोरीला काय उत्तर द्यायचे, ते शोधता शोधता मला जे सापडले, ते यंदाच्या दिवाळीला वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

*

पहिल्या दिवशी मी अगदी सोपी गोष्ट केली. कागदावर सनावळी मांडली.

ज्याला या पुनरुज्जीवनाचा आदिपुरुष म्हणतात, तो इटालियन कवी पेट्रार्क १३०४ साली जन्मला आणि १३७४ साली वारला. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्यापूर्वी ७९ वर्षे. मॅन्युएल क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला आला १३९७ साली; म्हणजे ५६ वर्षे आधी, आणि तोही पळून नव्हे, तर मानाचे बोलावणे घेऊन. पोज्जो ब्रॅच्चोलिनीने ल्युक्रेशियसचे विस्मृतीत गेलेले काव्य एका जर्मन मठातून बाहेर काढले १४१७ साली. ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या मुख्य मंदिरावर चढवलेला तो अजस्र घुमट १४३६ साली पुरा झाला. एवढे सगळे होऊन गेल्यावर, १४५३ च्या मे महिन्याच्या २९ तारखेला, एकवीस वर्षांचा सुलतान महंमद कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरला.

मी कागदाकडे पाहतच राहिलो. कारण आधी आणि कार्य मागाहून, एवढे तर्कशास्त्र आमच्या गावातल्या वाण्यालाही कळते. माझ्या वाक्यात मात्र बारसे आधी होऊन लग्न मागाहून लागत होते! आणि हे मी वीस वर्षे, दर वर्षी, स्वच्छ अक्षरांत फळ्यावर लिहीत आलो होतो.

*

मग आरंभ कोठे झाला? पेट्रार्कपासून सुरुवात करू.

त्याच्या वडिलांची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी होती. पोरगा कायद्याची पुस्तके सोडून सिसेरो आणि व्हर्जिल वाचतो, हे कळल्यावर बापाने एके दिवशी ती पुस्तके शोधून काढून चुलीत घातली. मुलगा असा काही रडू लागला, की बापाचेच मन द्रवले. त्याने जळत्या ढिगातून दोन पुस्तके ओढून काढली आणि परत दिली. ही गोष्ट पेट्रार्कने म्हातारपणी स्वतःच लिहून ठेवली आहे. तो वकील झाला नाही, हे सांगायला नकोच.

१३४५ साली व्हेरोना येथील एका ग्रंथालयात त्याला सिसेरोची खासगी पत्रे सापडली. सिसेरो म्हणजे त्याचे दैवत! परंतु त्या पत्रांत जो सिसेरो भेटला, तो डळमळणारा, भांडणारा, आज या पक्षाकडे तर उद्या त्या पक्षाकडे झुकणारा, राजकारणाच्या चिखलात पाय अडकलेला माणूस होता. पेट्रार्क दुखावला. आणि त्याने काय करावे? त्याने जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोला पत्र लिहिले, आणि त्यात त्याची चांगली कानउघाडणी केली.

हे पत्र मला फार महत्त्वाचे वाटते. पेट्रार्कपूर्वी युरोपात सिसेरो कोणी वाचत नव्हते, असे मुळीच नाही. मठामठांतून साधू लोक जुने लॅटिन ग्रंथ उतरून काढीतच होते. त्यांनी ते उतरले नसते, तर पेट्रार्कला सापडले असते काय? ॲरिस्टॉटलचे ग्रंथ तर बाराव्या शतकातच स्पेनमधील टोलेडो नगरीत अरबी भाषेतून लॅटिनमध्ये आले होते. ‘मध्ययुगात सर्वत्र अंधार होता’ हे माझे आणखी एक लाडके वाक्य. तेही मला त्या सुट्टीत सोडून द्यावे लागले. नवे होते ते इतकेच, की पेट्रार्कने जुन्या ग्रंथकाराकडे माणूस म्हणून पाहिले. हा कोण होता, कोणत्या काळी होता, कोणाला आणि का लिहीत होता, असे प्रश्न त्याने विचारले. त्याच्यात आणि आपल्यात काळाची केवढी दरी आहे, हे त्याला जाणवले, आणि ती दरी जाणवली म्हणूनच पत्र पाठवण्याची ओढ लागली. शेजाऱ्याला कोणी पत्र लिहीत नाही.

त्याच्याजवळ होमरच्या ग्रीक काव्याची एक पोथी होती. त्याला ग्रीक येत नव्हते. त्या पोथीला तो कवटाळी आणि उसासा टाकी, असे त्यानेच लिहिले आहे. ज्या पोथीतले एक अक्षर कळत नाही तिला उराशी धरणारा हा माणूस डोळ्यांपुढे आणा. म्हणजे पुढे ग्रीक शिकवणाऱ्याला फ्लॉरेन्सने एवढ्या आदराने का बोलावले, ते समजेल. क्रिसोलोरास आला तेव्हा लिओनार्दो ब्रुनी नावाचा तरुण कायदा शिकत होता. कायद्याचे पंडित गावोगाव आहेत, पण ग्रीक शिकवणारा हा एकच आहे, असा विचार करून तो कायदा सोडून ग्रीकच्या वर्गात जाऊन बसला.

*

परंतु एका कवीच्या उसाशाने समाज बदलत नाही. बी चांगले असले तरी जमीन लागते. ती जमीन फ्लॉरेन्समध्ये कशी तयार झाली होती?

जोव्हानी व्हिल्लानी हा फ्लॉरेन्सचा व्यापारी आणि बखरकार १३४८ च्या महामारीत वारला. त्याने आपल्या गावाची जी माहिती लिहून ठेवली आहे, ती वाचून माझ्यातला शाळामास्तर खुर्चीत ताठ बसला. १३३८ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये वाचायला शिकणारी मुले-मुली आठ ते दहा हजार होती. सहा शाळांतून हजार-बाराशे मुले हिशेब शिकत होती. आणि पाच-सहाशे मुले चार मोठ्या शाळांतून व्याकरण व तर्कशास्त्र शिकत होती. साडेसहाशे वर्षांहून अधिक जुनी ही गोष्ट आहे! ही मुले राजांची नव्हती, पुरोहितांची नव्हती. लोकरीच्या, रेशमाच्या आणि सावकारीच्या पेढ्यांवर बसणाऱ्यांची होती. बापाला दूरदेशीच्या अडत्याचे पत्र वाचता यावे, हुंडी लिहिता यावी, म्हणून मुलगा शिकत होता.

आणि ती हिशेब करीत ते आकडे कोणते? पिसा गावच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो त्याने, १२०२ साली लिहिलेल्या ग्रंथात हे नऊ आकडे हिंदी लोकांचे म्हणून स्पष्ट सांगितले आहे. अरबांच्या हातून ते त्याच्यापर्यंत पोचले होते. आरंभी त्यांच्यावर विश्वास नव्हता. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे आकडे वापरण्याची बंदी केली होती. अखेर सोयीपुढे बंदी टिकली नाही. म्हणजे युरोपच्या या नव्या घराच्या पायात आपल्याकडचाही एक दगड आहे. मात्र त्याचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. कारण त्याच पायात अरबांचे, ग्रीकांचे, यहुद्यांचे दगडही तितकेच खोल बसलेले आहेत.

सावकारीतून पैसा आला. व्याज घेणे हे त्या धर्मात पाप. आणि पापाचे ओझे फार झाले, की धनिकाचा हात दानाकडे वळतो. मेदिची घराण्याची पेढी १३९७ साली निघाली. त्या घराण्यातल्या कोझिमोने सान मार्कोचा मठ नव्याने बांधून दिला. निक्कोलो निक्कोली नावाच्या एका ग्रंथवेड्याने सारी मिळकत पोथ्यांपायी उधळली होती. तो १४३७ साली वारला, तेव्हा त्याच्या संग्रहात सुमारे आठशे ग्रंथ होते. कोझिमोने त्यांतले पुष्कळसे त्या मठात ठेवले, आणि १४४४ साली ते ग्रंथालय वाचणाऱ्यांसाठी उघडले. याच कोझिमोने पुढे दुसऱ्या एका मठासाठी ग्रंथ हवेत म्हणून व्हेस्पासियानो या पुस्तकविक्याला सांगितले. तेव्हा त्याने ४५ लेखक बसवून २२ महिन्यांत २०० ग्रंथ उतरवून दिले. त्या काळात हा पराक्रम मानला गेला.

*

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ‘तिथंच का नाही झालं?’

कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रंथ होते, आणि ते धूळ खात होते असेही नाही. तेथील विद्यार्थी होमर शाळेत शिकत. जुन्या ग्रंथांवर टीका लिहिणारे, पाठभेद तपासणारे पंडित तेथे होऊन गेले. त्यांनी हजार वर्षे ते धन जपले नसते, तर इटलीला मागायला काहीच उरले नसते. परंतु जे कधी हरवलेच नाही, ते सापडल्याचा आनंद त्यांना कोठून व्हावा? आपल्या देवघरातले टाक आठवा. रोज त्यांना आंघोळ घालतो, गंध लावतो. पण ते कोणी घडवले, कोणत्या आजोबांनी आणले, हे घरात कोणी विचारत नाही. बाहेरचा पाहुणा येतो आणि तोच विचारतो. शिवाय ते नगर खंगलेले होते. १२०४ साली धर्मयुद्धाला निघालेल्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती सैन्यानेच ते लुटले होते, आणि त्या लुटीतून ते पुरते कधी सावरले नाही. १४५३ साली तुर्कांच्या हाती पडले ते वैभव ओसरलेले शहर होते.

मग माझे वाक्य सर्वस्वी खोटेच काय? तसेही नाही. बेस्सारिऑन हा ग्रीक धर्माधिकारी १४३८ साली धर्मसभेसाठी इटलीत आला आणि पुढे रोमच्या पीठाचा कार्डिनल झाला. नगर पडल्याची बातमी आली, तेव्हा ग्रीकांची विद्या आता पृथ्वीवरून पुसली जाईल या भीतीने तो व्याकूळ झाला. मिळेल तेथून, पडेल ती किंमत देऊन त्याने ग्रीक ग्रंथ जमवले, आणि १४६८ साली आपला सुमारे साडेसातशे हस्तलिखितांचा संग्रह व्हेनिस नगराला देऊन टाकला. तेव्हा १४५३ ने ज्योत पेटवली नाही. पेटलेल्या ज्योतीत तेल घातले. ‘मुळे’ आणि ‘ही’ या दोन छोट्या शब्दांत केवढे अंतर आहे! ‘त्यामुळे झाले’ आणि ‘त्यामुळेही झाले’. माझ्या वाक्यात एक ‘ही’ कमी होता.

*

आता ज्या माणसाने मला सर्वांत अधिक बेचैन केले, त्याच्याकडे वळतो. त्याचे नाव लोरेन्झो व्हाल्ला.

रोमच्या धर्मपीठाजवळ एक जुना दस्तऐवज होता. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहाने पश्चिमेकडच्या साऱ्या मुलखाची सत्ता पोप सिल्व्हेस्टरला दान दिली, असे त्यात लिहिलेले होते. या दानपत्राच्या बळावर पोप राजांवर हुकूम चालवीत. व्हाल्लाने १४४० साली ते दानपत्र हातात घेतले आणि व्याकरणाच्या मास्तरासारखे एकेक शब्द तपासून वाचले. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांबरोबर ‘सत्रप’ असा शब्द होता. आपल्या नाशिकच्या लेण्यांत नहपानाच्या नावामागे ‘क्षत्रप’ आहे ना, तोच हा मूळचा इराणी शब्द. रोमन बादशहाच्या फर्मानात तो कोठून आला? जे कॉन्स्टँटिनोपल नगर अजून वसलेच नव्हते, त्याचे नाव त्यात कसे आले? शिवाजी महाराजांच्या पत्रात ‘कलेक्टरसाहेब’ असे शब्द आढळले, तर आपण काय म्हणू? तेच व्हाल्ला म्हणाला. हा लेख बनावट आहे! पुढच्या विद्वानांनी त्याची निपज आठव्या शतकातली ठरवली.

व्हाल्ला काही एकट्या सत्याच्या बळावर उभा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तो नेपल्सच्या आल्फोन्सो राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचे पोपशी वैर होते. सत्याला राजकारणाचा टेकू मिळाला होता. तरीही त्याने दाखवलेली चूक खरीच होती. टेकू काढला तरी ती पडत नाही. आणि गंमत अशी, की पुढच्या पोपने, पाचव्या निकोलसने, याच व्हाल्लाला पगार देऊन ग्रीक ग्रंथांच्या भाषांतराला बसवले.

हीच तऱ्हा व्हाल्लाने बायबलला लावली. चालू लॅटिन भाषांतर मूळ ग्रीकशी ताडून त्याने टिपणे केली. ती टिपणे १५०४ साली लूव्हँजवळच्या एका मठात इरॅस्मसला सापडली. त्याने ती छापली, आणि १५१६ साली स्वतः नव्या कराराची ग्रीक आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रीकवरून लूथरने जर्मन भाषांतर केले, ते १५२२ साली निघाले. दानपत्रावरचे व्हाल्लाचे पुस्तकही जर्मनीत छापले गेले आणि लूथरने ते १५२० साली वाचले. धर्मपीठ दुभंगले, पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ युरोप धर्मयुद्धांत होरपळला. एका व्याकरण्याने विचारलेल्या शंकेची लहर कोठवर गेली पाहा! प्रश्नाने सुखच येते, असा भरवसा इतिहास देत नाही. तसा भरवसा देणारा मास्तर मुलांना फसवतो.

*

ही लहर इतकी दूर गेली ती छापखान्यामुळे. जर्मनीत माइन्झ गावी गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबलच्या सुमारे १८० प्रती काढल्या. पंचेचाळीस लेखकांचे ते बावीस महिने येथे आठवावेत. नुसती संख्या वाढली असे नव्हे. आता दोन दूरच्या शहरांतले दोन पंडित एकाच पुस्तकाचे एकच पान, एकच ओळ उघडून वाद घालू शकत होते.

व्हेनिसमधला आल्डस मनुशियस मला जवळचा वाटतो, कारण तो मूळचा शिक्षक. चाळिशी उलटल्यावर त्याने छापखाना काढला, आणि १४९५ ते १४९८ या काळात ॲरिस्टॉटलचे ग्रीक ग्रंथ पाच खंडांत छापले. १५०१ पासून त्याने हातात मावणारी छोटी पुस्तके काढली. तोवर ग्रंथ म्हणजे घडवंचीवर ठेवून वाचायची वस्तू होती. आता तो प्रवासात, बागेत, बिछान्यात बरोबर येऊ लागला. आल्डसने आपल्या दारावर पाटी लावली होती, की काम असेल ते थोडक्यात सांगा आणि चालते व्हा. शिक्षकांच्या खोलीवर लावायला ही पाटी बरी आहे.

ग्रंथ शुद्ध झाले. पण ग्रंथच चुकीचा असेल तर? हा पुढचा प्रश्न आंद्रेआस व्हेसालियस या तरुण वैद्याने केला. त्या काळी वैद्यकाचा अध्यापक उंच आसनावर बसून गॅलेनचा ग्रंथ वाची, आणि खाली न्हावी प्रेत फाडी. वाचणारा पाहत नसे आणि फाडणाऱ्याला वाचता येत नसे. व्हेसालियस आसनावरून खाली उतरला आणि त्याने सुरी स्वतःच्या हातात घेतली. गॅलेनने जे वर्णिले आहे त्यातले पुष्कळ माणसाचे नसून जनावरांचे आहे, हे त्याला दिसले. माणसाच्या खालच्या जबड्याचे हाड दोन तुकड्यांचे नसून एकसंध आहे, एवढी साधी गोष्टही तेराशे वर्षे कोणी पाहिली नव्हती. त्याचा ग्रंथ १५४३ साली निघाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच साली कोपर्निकसचा ग्रंथ निघाला आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरू लागली.

*

मागच्या बाकावरची मुलगी मात्र माझ्या मनातून जाईना. या सगळ्या कथेत तिच्यासारखी कोणी होती काय?

मांतुआ येथे १४२३ साली व्हित्तोरिनो दा फेल्त्रेने एक शाळा काढली. तिला ‘आनंदगृह’ अशा अर्थाचे नाव होते. राजपुत्रांच्या शेजारी गरिबांची मुले फुकट शिकत, खेळाला वेळ असे, छडीवर भिस्त नसे. राजाची मुलगी सेसिलिया तेथे लहानपणीच ग्रीक शिकली. पण ती राजकन्या होती.

व्हेरोनाची इसोत्ता नोगारोला हिने लॅटिन उत्तम कमावले आणि ग्वारिनो या नामांकित गुरूला १४३७ च्या सुमारास पत्र लिहिले. हा ग्वारिनो स्वतः कॉन्स्टँटिनोपलला क्रिसोलोरासच्या घरी राहून ग्रीक शिकलेला. त्याने उत्तर पाठवले नाही. गावातल्या बायका इसोत्ताला हसू लागल्या. तिने धीर करून दुसरे पत्र लिहिले, की तुमच्या मौनामुळे मला तोंड लपवावे लागत आहे. तेव्हा त्याचे उत्तर आले. मन घट्ट कर, असा उपदेशही आला. पुढे तिने लग्न केले नाही, भावाच्या घरी पुस्तकांनी भरलेल्या खोलीत आयुष्य काढले, आणि १४५१ च्या सुमारास आदम व ईव्ह यांत अपराध कोणाचा अधिक, यावर एका सरदाराशी लेखी वाद घातला. पुरुषांनी प्रश्न विचारला की त्याला विद्वत्ता म्हणत. तिने विचारला तेव्हा प्रथम वर्ग हसला. हे वाचले तेव्हा माझ्या वर्गातले हसणे मला पुन्हा ऐकू आले.

*

एवढे वाचून झाल्यावर वाटले, हे सारे समुद्रापलीकडचे. आपल्या किनाऱ्याला याचा काही स्पर्श झाला की नाही? झाला, आणि तो आपल्या गोव्यात.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला, ग्रीक-लॅटिन वैद्यक मुखोद्गत असलेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला तो औषध देई. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. हिंदुस्थानातला तो पहिला. त्या शहरात १५६३ साली ओर्ताचा ग्रंथ छापला गेला. त्याची रचना प्रश्नोत्तरांची आहे. रुआनो नावाचा एक काल्पनिक विद्वान जुन्या ग्रंथांचे दाखले देत प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तर देतो. नारळ, आंबा, विड्याचे पान, मिरी, महामारी, सारे काही त्यात आहे. त्याचा सूर असा, की ग्रीक ग्रंथकारांचा धाक मला घालू नका, मी येथे राहून डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. येथल्या वैद्यांना व हकिमांनाही त्याने विचारले. चार वर्षांत, १५६७ साली, अँटवर्पला त्या ग्रंथाचा लॅटिन सारांश निघाला आणि तो युरोपभर वाचला गेला.

आणि आता दुसरी बाजू. ओर्ता मूळच्या यहुदी घराण्यातला. त्याच्या आईबापांना बळाने ख्रिस्ती करण्यात आले होते. १५६० साली गोव्यात धर्मन्यायसभा बसली. १५६८ साली ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. १५८० साली न्यायसभेने ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. ज्या जहाजांतून छापखाना आला, त्याच जहाजांतून चिताही आली. पुनरुज्जीवनाचा धडा शिकवताना यातली एकच गोष्ट सांगणे मला आता जमणार नाही. पणजीच्या भर वस्तीतल्या बागेला आज त्याचे नाव आहे. तेथे बाकावर बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

*

सुट्टी संपली. शाळेचा पहिला तास माझाच होता. मी फळ्यावर तेच जुने वाक्य लिहिले, आणि त्याच्या खाली पेट्रार्क, क्रिसोलोरास, पोज्जो आणि व्हाल्ला यांची साले मांडली. मग मुलांना म्हटले, “यात चूक कुठं आहे ती शोधा.” मिनिटभर कोणी बोलेना. मग चार-पाच हात वर झाले. मागच्या बाकावरच्या मुलीचा हात वर नव्हता. तिला चूक आधीच ठाऊक होती.

मी सांगितले, की हे वाक्य मी वीस वर्षे शिकवले आणि ते अर्धवट होते. वर्गात मास्तराने असे बोलणे सोपे नसते. पण आकाश कोसळले नाही. मुले जरा अधिक सरसावून बसली, एवढेच.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती.

“सर, पण परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकात तर तसंच दिलंय. पेपर दुसरे सर तपासणार. मार्क गेले तर?”

प्रश्न खरा होता. माझ्या चुकीची शिक्षा तिने गुणांत का भोगावी? क्षणभर ‘पुस्तकातलंच लिही’ असे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

“पुस्तकातलं वाक्य लिही,” मी म्हणालो, “त्यात ‘त्यामुळे’च्या ठिकाणी ‘त्यामुळेही’ लिही, आणि खाली ही चार सालं लिही. पेपर ज्याच्या हाती जाईल, त्याला वजाबाकी येत असेल.”

तिने वही उघडली आणि उभ्या उभ्याच तो ‘ही’ जागच्या जागी लिहून घेतला.